तोंडाचा सातबारा

आमच्या मावळात 'दाढ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक तोंडातली दाढ, ती सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरी शेतातली. उन्हाळ्यात शेण, गवत, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची, पावसाच्या तोंडावर त्या राबावर भाताचं बी टाकायचं आणि मग जी हिरवीगार रोपं वर येतात, ती भाताची दाढ. जूनच्या अखेरीला पारावर कुणी 'काय, दाढ कशी हाय?' असं विचारलं, तर तो माणूस तुमच्या तोंडाची चौकशी करत नसतो.

१९८२ सालच्या आषाढात मात्र माझ्या दोन्ही दाढा एकदमच उपटायला आल्या होत्या. शेतातली उपटून आवणी करायची होती, आणि तोंडातली ठणकत होती. मी तेव्हा वीस वर्षांचा. डाव्या गालाची सूज डोळ्यापर्यंत चढलेली. घरातले सगळे उपाय झाले. लवंग दाबून झाली, हिंग भरून झाला, रुईचा चीक लावून झाला. चिकानं तर दाढेऐवजी जीभच पोळली. मग आईनं एक फिरती बाई बोलावली. तिनं रिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकलं, वर नळी धरून दाढेला धुरी दिली आणि पाण्याच्या वाटीत पांढरे पांढरे किडे पाडून दाखवले. "बग, चार किडं पडलं," ती म्हणाली. आईनं तिला शेरभर तांदूळ दिले. ठणका होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशी दादानं मला लोणावळ्याला नेलं.

लोणावळा आम्हाला परकं नव्हतं. आमचं गाव मळवली स्टेशनपासून दीड कोसावर, लोहगड-विसापूरच्या पायाशी. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून आमच्या घरचं दूध लोकलनं लोणावळ्याला जायचं. किटल्या खिडकीच्या गजाला बाहेरून अडकवायच्या आणि मळवलीहून एक स्टेशन जायचं. भांगरवाडीत, तुंगार्लीत रतीब होते. त्यातलं भांगरवाडीतलं एक घर दातांच्या डॉक्टरांचं होतं. इतके दिवस मी त्यांच्या दारात दूध मापत होतो. त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दवाखाना बाजारात होता. खाली चिक्कीचं दुकान, वर दातांचा दवाखाना. लाकडी जिना चढताना गुळाच्या पाकाचा वास यायचा आणि वर पोचलं की लवंगेच्या तेलाचा. डॉक्टर हसत म्हणायचे, "खालचा दुकानदार माझा धंदा चालवतो आणि मी त्याचा. माझ्याकडचं काम झालं की पोरं खाली चिक्की मागतात."

त्या दिवशी त्यांनी माझी सूज बघितली आणि सांगितलं, "आज दाढ काढणार नाही. पू झालेल्या जागी भुलीची सुई दिली तरी भूल नीट चढत नाही. गोळ्या देतो, तीन दिवसांनी या." दादा म्हणाला, "डाक्टर, आवणी चाललीय." डॉक्टर म्हणाले, "चालू द्या की. चिखलात उभं राहायला दाढ लागत नाही." तीन दिवसांनी भूल चढली, दाढ निघाली. त्यांनी ती कापसावर ठेवून मला दाखवली. "यात किडा दिसतो का कुठं? पोखरलेलं भोक आहे, किडा नाही. त्या बाईनं तुम्हाला दाखवलं ते बी तापल्यावर त्यातून सुटलेलं पांढरं असतं."

तेव्हापासून अडतीस वर्षं आमच्या घरातलं प्रत्येक तोंड त्यांच्या हाताखालून गेलं.

आता त्या खुर्चीचं आणि यंत्राचं सांगितलं तर नव्या पोरांना खोटं वाटेल. दात कोरायचं यंत्र पट्ट्यावर चालायचं. वर कप्प्यांवरून दोरीसारखा पट्टा फिरायचा, त्याची घरघर सगळ्या जबड्यात घुमायची आणि कवटी हलल्यासारखी वाटायची. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. त्यात वीज जायचीच. वीज गेली की डॉक्टर कोपऱ्यातलं पायानं चालवायचं जुनं यंत्र ओढायचे, शिंप्यासारखा पाय मारायचे आणि उरलेलं काम पुरं करायचे. चिमटे, सुया स्टोव्हवरच्या पातेल्यात उकळायच्या. चांदी भरायची असली की काचेच्या छोट्या खलात पारा आणि चांदीचा चुरा घोटायचे, फडक्यातून पिळायचे आणि दातात ठासून बसवायचे. माझ्या उजव्या खालच्या दाढेत त्यांनी अशी चांदी भरली ती १९८७ साली. साल पक्कं लक्षात राहायचं कारण असं, की त्याच वर्षी वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण बाहेर आला. पुढं आम्ही इंद्रायणी लावली, तेव्हा पहिला तांदूळ डॉक्टरांकडे गेला. चांदीचे पैसे आम्ही तांदळात फेडले.

पैशाचा हिशेब असा सुगीवर असायचा. कधी तांदूळ, कधी दुधात वळते, कधी रोख. त्यांनी कधी कागदावर लिहून मागितले नाहीत आणि आमच्याकडून कधी राहिले नाहीत.

खरं तर कागदावर ते काहीच लिहीत नसत. जिन्यावर माझं डोकं दिसलं की म्हणायचे, "या दूधवाले. वरची डावी दुखतेय ना? मी म्हणालोच होतो, दिवाळीपर्यंत टिकेल." कुणाच्या दाढेचं मूळ वाकडं आहे, कुणाला सुई टोचली की घेरी येते, कुणाच्या आजोबांचे दात चाळिशीतच हलले होते, सगळं त्यांच्या डोक्यात. शेतकऱ्याचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असायचा. आमच्या तोंडांचा सातबारा डॉक्टरांच्या डोक्यात होता. नकलेचा अर्ज करायची कधी वेळच आली नाही.

दातांच्या डॉक्टराचं आणि इतर डॉक्टरांचं इथंच वेगळं पडतं. तापाच्या डॉक्टराला आपण सांगू शकतो, इथं दुखतं, तिथं दुखतं. दातांच्या खुर्चीत बसलं की तोंड उघडं, आणि उघड्या तोंडानं माणूस मुका होतो. 'आँ, आँ' एवढंच. म्हणून जो न सांगता ओळखतो, तो आपला वाटतो. त्याच्या हातात टोकदार हत्यार असतं आणि आपण डोळे मिटून मान मागं टाकलेली असते. गावच्या न्हाव्यापुढं आणि दातांच्या डॉक्टरापुढंच माणूस असा गळा उघडा टाकून बसतो.

पूर्वी दात काढायचं काम न्हावी, वैदू करायचेच. शहरात रस्त्याच्या कडेला कवळ्या मांडून बसणारेही असत. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, नोंदणी आली. त्यातही शिकलेल्यांची एक यादी आणि कॉलेजात न जाता वर्षानुवर्षं धंदा करणाऱ्यांची दुसरी यादी, अशी सोय ठेवावी लागली. कारण शिकलेले होतेच किती? आमचे डॉक्टर मुंबईत शिकून लोणावळ्यात आले, तेव्हा मावळातली माणसं त्यांच्याकडे शेवटचा उपाय म्हणूनच यायची. चिकानं जीभ पोळल्यावर, किडे पाडून झाल्यावर. ती माणसं आधी यायला लागली, हे त्यांचं काम.

एका बाबतीत मात्र ते कडक होते. तंबाखूची पुडी आधी टेबलावर काढून ठेवायची, मगच खुर्चीत बसायचं. बाप्या माणसांना ते चारचौघांत झाडायचे. गुटखा आल्यावर तर फारच चिडायचे. आमच्या आळीतल्या एका पोराचं तोंड दोन बोटांच्या वर उघडेना, तेव्हा त्याच्या बापाला त्यांनी आरसा दाखवला. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कायदा झाला. आता खिसे तपासायचे कुणी?"

मग २०२० चा मार्च आला. सगळं बंद झालं. दातांचे दवाखाने तर आधी बंद, कारण यंत्राच्या फवाऱ्यानं तोंडातलं हवेत उडतं. आमचे डॉक्टर तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. बाजार उघडला, चिक्कीची दुकानं उघडली, वरचा दवाखाना काही उघडला नाही. निरोप नाही, सत्कार नाही, नारळ नाही. एक दिवस जिन्याच्या तोंडाशी बघितलं तर पाटी काढलेली होती. पाटीच्या जागी भिंतीवर स्वच्छ चौकोन राहिला होता, बाकीची भिंत काळवंडलेली.

दोन वर्षं मी तसाच काढली. दुखलं की दुसऱ्या बाजूनं चावायचं. २०२२ च्या मार्गशीर्षात भाजलेल्या शेंगा खाताना वरची डावी दाढ चक्क दुभंगली. मुलगा म्हणाला, "आण्णा, लोणावळ्यात नवीन दवाखाना झालाय. बाई आहेत. नंबर लावतो." त्यानं मोबाइलवरून नंबर लावला. वेळ मिळाली साडेचारची. दवाखान्यात जायला घड्याळाची वेळ असते, हे मला नवीन होतं. आमच्या वेळी जिन्यावर बसायचं आणि बोलावलं की उठायचं.

नवा दवाखाना तळमजल्यावर, काचेच्या दाराचा. वास कसलाच नाही. डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या. तोंडावर मास्क, त्यामुळे हसल्या की नाही ते कळेना. त्यांनी तोंड उघडायला सांगितलंच नाही. आधी पाठपुठ्ठ्यावर लावलेला कागद हातात दिला. साखर आहे का? रक्तदाब? रक्त पातळ करायची गोळी? कुठल्या औषधानं पुरळ उठतं? याआधी दात काढताना काही त्रास? तंबाखू, विडी, मिसरी, दारू? खाली सही.

मी म्हणालो, "बाई, एवढं कुणी विचारलं नव्हतं."

"आधीच्या डॉक्टरांना माहीत असणार, काका. मला माहीत नाही. म्हणून विचारते."

मग एका यंत्रापुढं हनुवटी टेकवून उभं केलं. ते यंत्र माझ्या डोक्याभोवती फिरलं, आणि पडद्यावर सगळा जबडा आला. कानापासून कानापर्यंत, बत्तीसच्या बत्तीस जागा, भरलेल्या आणि रिकाम्या. आपल्याच कवटीचं हसू आपल्यालाच दिसतं, ते काही बरं वाटत नाही. पण शेताची मोजणी झाल्यावर नकाशा बघावा तसं मी बघत राहिलो. ही १९८२ सालची रिकामी जागा. ही २००४ सालची. आणि उजवीकडे खाली एक पांढराशुभ्र ठिपका, दिव्यासारखा.

"ही चांदी कधी भरली?" बाईंनी विचारलं.

"सत्त्याऐंशी साली."

त्या वाकून आत बघत राहिल्या. टोकदार सळईनं कडेनं चाचपलं. मी मनात म्हणालो, आता ही म्हणणार, जुनं झालंय, काढून टाकू. आजकाल पाऱ्याला सगळे भितात. पाऱ्याचा वापर कमी करायचा म्हणून जगातल्या देशांनी २०१३ साली करार केला आणि पुढं भारतही त्यात आला, हे मी पेपरात वाचलं होतं. बाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं झाली, कड कुठं उचललेली नाही. फार छान हात आहे. हिला हात लावायचा नाही. उगीच काढायला गेलं तर चांगला दात जाईल, आणि खरवडताना पारा उडतो तो वेगळाच."

मला तेव्हा ती बाई पहिल्यांदा डॉक्टर वाटली.

दुभंगलेली दाढ त्यांनी वाचवली. भूल दिली, दाताच्या मुळांतली नस काढली, मुळं धुऊन त्यात गटापर्चा भरला आणि वर टोपी बसवली. तीन खेपा झाल्या. नवं यंत्र हवेवर फिरतं, मिनिटाला तीन-चार लाख फेरे. जबडा हलत नाही, नुसती शीळ वाजते आणि पाण्याचा फवारा उडतो, नाहीतर दात भाजेल. खर्च किती येणार ते आधीच कागदावर लिहून दिलं होतं. पैसे मुलानं मोबाइलवरून दिले. मी पिशवीतून पाच किलो इंद्रायणी नेली होती. ती बाई घेईनात. "काका, बिल झालंय की."

"हे बिलाचं नाय. हे असंच."

शेवटी घेतली. पण घेताना अवघडल्या. मीही अवघडलो. ओळख व्हायला एक पिशवी तांदूळ पुरत नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

हे सगळं दाढेपुरतं राहिलं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात वहिनींचं निघालं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. वय सत्तरीच्या आतबाहेर. वरचे दात बहुतेक गेलेले, भाकरी कालवणात कुस्करून खायच्या. कवळी करून घ्यायचं ठरलं. दादाचे गुडघे गेलेले, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. बाईंनी कागद पुढं केला. वहिनींना लिहिता येत नाही, म्हणून मीच उत्तरं द्यायला लागलो. साखर नाही. रक्तदाब नाही. तंबाखू नाही.

बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? मी मावशींनाच विचारते."

मी बाहेर बसलो. पडद्यापलीकडचं बोलणं ऐकू येत होतं. बाई घाई करत नव्हत्या. कुठल्या गावची माहेरवाशीण, पोरं किती, पहाटे किती वाजता उठता. उठल्यावर आधी काय करता? बराच वेळ काही बोलणं नाही. मग वहिनींचा आवाज आला, बारीक.

"मिसरी लावते. तव्यावर तंबाखू भाजायची, वाटून डबीत ठिवायची. चुलीपुढं बसून बोटानं घासायची. लगीन झाल्यापासनं. सासूबाई लावायच्या, त्यांच्यासंगं लागली. दिसातनं चार बारीला लागती. त्याबिगर डोस्कं चालत नाय."

आमच्याकडे ज्या घरात जाल तिथं फळीवर ही डबी सापडते. कुणी मिसरी म्हणतं, कुणी मशेरी. बायका तिला तंबाखू म्हणतच नाहीत. ते दात घासायचं असतं. पुरुषाची पुडी खिशात असते, ती टेबलावर काढून ठेवता येते. बाईची डबी चुलीपाशी असते. जुन्या डॉक्टरांनी वहिनींचे खालचे दोन दात काढले होते, २०१६ साली. तेव्हा दादा खुर्चीशेजारी उभा होता आणि वहिनींनी दात काढण्यापुरता पदर बाजूला केला होता. चाळीस वर्षं ज्या डॉक्टरांना घरातला माणूस मानलं, त्यांच्यापुढं घरातलीच मर्यादा पाळायची. वडीलधाऱ्या माणसापुढं मिसरीची गोष्ट काढायची नसते.

बाईंनी मला आत बोलावलं. वहिनींचा खालचा ओठ त्यांनी दोन बोटांनी बाहेर धरला होता. आत हिरडीला लागून एक पांढरा चट्टा होता, चार आण्याएवढा. बाईंनी तो कापडानं पुसला. पुसला गेला नाही.

"कवळी थांबवू," त्या म्हणाल्या. "आधी याचा तुकडा तपासायचा. घाबरू नका, पण लांबवूही नका."

परतीच्या लोकलमध्ये आम्ही दोघं गप्प होतो. मळवलीला उतरायचं. उतरताना मी विचारलं, "वैनी, जुन्या डॉक्टरांना का नाय सांगितलं कधी?"

"त्यांनी कुटं इचारलं? आन् तुमचं दादा हुतं ना तितं."

त्या रात्री मी जुन्या डॉक्टरांना पुण्याला फोन लावला. नंबर होता, पण तीन वर्षांत लावला नव्हता. "बोला दूधवाले," ते म्हणाले. आवाज थकलेला. मी सगळं सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता, की फोन कटला असं वाटलं. मग त्यांनी एकच विचारलं, "चट्टा लाल आहे का कुठं? की पूर्ण पांढरा?"

"पांढरा."

"बरं. वही घ्या. लिहा. वहिनींचे दात मी काढले तेव्हा रक्त लवकर थांबलं नव्हतं. तासभर बसवून ठेवलं होतं. तुकडा काढायच्या आधी त्या मुलीला हे सांगा, रक्ताची तपासणी करून घेईल." आणि मग ते थांबलेच नाहीत. दादाच्या कुठल्या दाढेचं मूळ आत मोडून राहिलंय, माझ्या बायकोला कुठल्या गोळीनं पुरळ उठतं, मधल्या मुलाची अक्कलदाढ आडवी आहे. मी रतिबाच्या जुन्या वहीत लिहीत गेलो. चार पानं भरली. शेवटी ते म्हणाले, "मला हे कुणाला तरी द्यायचंच होतं. दवाखाना असा बंद झाला, की द्यायचं राहून गेलं."

ती वही मी नव्या डॉक्टरीणबाईंना नेऊन दिली. त्यांनी खुर्चीत बसून चारही पानं वाचली, वहिनींच्या रक्ताचं वाचल्यावर लगेच तपासणी लिहून दिली. बाकीच्या पानांचे फोटो काढून संगणकात घातले. मग एक एक जुळवत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या. वहीत होतं, माझी वरची उजवी शेवटची दाढ शाबूत आहे. पडद्यावर तिथं जागा रिकामी होती. ती दाढ डॉक्टरांनी स्वतःच काढली होती, २००४ साली. बाई काही बोलल्या नाहीत. पेन्सिलीनं बारीक फुली केली आणि पुढं गेल्या. मी ती फुली बघितली. ज्या डोक्यात आमचं सगळं होतं, त्यातूनही आता एकेक नोंद निसटायला लागली होती. वही भरली ती वेळेवर भरली.

तुकडा पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात तपासायला गेला. दहा दिवस लागले. ते दहा दिवस घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही. दादा ओसरीवर बसून नुसता लोहगडाकडे बघायचा. मग अहवाल आला. कर्करोग नव्हता. पण त्याच वाटेवरचा चट्टा होता. बाईंनी वहिनींना समोर बसवून सांगितलं, मला नाही. "मिसरी सुटली तर पुष्कळांचा चट्टा मागं जातो. काहींचा जात नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं. न दुखता दाखवायचं. दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही."

मिसरी सोडणं सोपं गेलं नाही. पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसायच्या, पोट साफ होईना, सुनांवर खेकसायच्या. डबी त्यांनी फेकली नाही. त्यात बडीशेप भरली आणि फळीवर तिथंच ठेवली. हात सवयीनं तिथंच जातो, मग बडीशेपच सापडते. एकदा त्या घसरल्या. शेजारणीकडून चिमूटभर मागून घेतली. ते त्यांनी पुढच्या खेपेला आपणहून बाईंना सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. "कधी लागली? कशानं आठवण आली?" एवढंच विचारून लिहून घेतलं.

आता वर्ष उलटून गेलं. चट्टा फिका झालाय, पण गेलेला नाही. कवळी बसली. भाकरी आता कुस्करावी लागत नाही. नवी डॉक्टरीण अजूनही मला 'काका' म्हणते, 'दूधवाले' म्हणत नाही, आणि म्हणायचं कारणही नाही. मी तिच्या दारात कधी दूध मापलेलं नाही. तिला आमच्या आजोबांचे दात ठाऊक नाहीत, आमची भाताची खाचरं ठाऊक नाहीत. तिला कागदावर जे सांगू तेवढंच ठाऊक. म्हणून आमच्या घरात आता ज्यानं त्यानं आपलं आपण सांगायचं, अशी रीत पडलीय. दादासुद्धा सांगायला शिकला, की मूळ आत मोडलेलं आहे. जुन्या डॉक्टरांच्या वेळी हे सगळं न बोलता भागायचं. त्यातलं सुख मोठं होतं. पण न बोलता जे भागतं, त्यात न बोललेलंही बरंच राहून जातं.

मागच्या तारखेला मी चपला घालून अंगणात उभा राहिलो. वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या. पिशवीत वही, चष्मा आणि दोन किलो तांदूळ. मला बघून म्हणाल्या, "भावजी, तुमी नगा येऊ. नातीला घिऊन जाते. काय सांगायचं ते मला सांगता येतंय."